समूहगानात पहिली ओळ विस्कटते, शेवटी लय पळते: आधी समोरच्याचा हात तपासा

आमचा समूहगानाचा गट ठाण्यातला, सव्वीस जणांचा. दर रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये तालीम असते. साथीला पेटी आणि तबला, मोठा कार्यक्रम असला की कीबोर्डही. गेली तीन वर्षं मी या गटासमोर उभी राहून कंडक्ट करते, म्हणजे हातानं लय, सुरुवात आणि शेवट दाखवते, आणि त्यातली पहिली दोन वर्षं एकच दुखणं पुन्हा पुन्हा डोकं वर काढायचं. गाणं सुरू होताना पहिलं अक्षर तीन तुकड्यांत पडायचं. आधी पुढच्या रांगेतल्या बायका, मग मधली रांग, मग मागचे पुरुष. ध्रुवपद दुसऱ्यांदा येईपर्यंत सगळं जुळून यायचं. मग तिसऱ्या कडव्यापासून लय पळायला लागायची आणि शेवटचं ध्रुवपद सगळे धापा टाकत संपवायचे.

उपाय आम्ही भरपूर केले. तालमी वाढवल्या, पाठांतर करून घेतलं. तबल्यावरच्या काकांना "जरा धरून ठेवा ना" असंही सांगून झालं. ते धरून ठेवायचे, आणि मग गाणारे पुढे, तबला मागे अशी ओढाताण व्हायची. एका कार्यक्रमानंतर गटातल्या एका ताईंनी व्हिडिओ पाठवला. त्यांच्या मुलानं विंगेतून काढलेला, त्यामुळे त्यात गाणाऱ्यांपेक्षा मीच जास्त दिसत होते. मी तो आवाज बंद करून पाहिला, मग आवाज लावून पाहिला, आणि दुखणं कुठे आहे ते कळलं. माझा हात गाण्याच्या मागून चालला होता. लोक गात होते आणि मी त्यांच्या गाण्यावर ताल धरत होते, मैफलीत पुढे बसलेला रसिक मांडीवर धरतो तसा.

त्यानंतरच्या वर्षात जे जे करून पाहिलं आणि लागू पडलं ते इथे लिहिते आहे. ठाणे-नवी मुंबईत सोसायट्यांचे, शाळांचे, ज्येष्ठ नागरिकांचे असे कितीतरी गट आहेत. समोर उभं राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा गाणं शिकलेली असते, पण कंडक्ट करणं तिला कोणी शिकवलेलं नसतं. मीही विशारदपर्यंत शिकले. परीक्षेत ताल हातावर देऊन दुगुन, चौगुन (दुप्पट, चौपट लय) म्हणून दाखवली. पण तो ताल स्वतःसाठी असतो. समोरच्या सव्वीस जणांना पुढचा क्षण दाखवायचा हात हा वेगळाच हात आहे.

आधी एक चाचणी: हात थांबवून पाहा

गटाला न सांगता, नेहमीच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर हात खाली सोडून द्या आणि स्तब्ध उभे राहा. मी हे केलं तेव्हा गाणं शेवटपर्यंत जसंच्या तसं चालू राहिलं. एकीनंही मान वर केली नाही. सगळ्यांचे डोळे मोबाईलवर, कारण गाण्याचे शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. मधूनच कोणाची तरी स्क्रीन काळी होते, अंगठा तिकडे जातो, आणि ती ओळ अर्धी सुटते.

तुमच्याकडेही असंच झालं, तर खालचं बाकी काहीही करण्याआधी हे सुधारा. अख्खं गाणं पाठ व्हायची वाट बघू नका. प्रत्येक कडव्याची पहिली ओळ आणि शेवटचा शब्द, एवढंच पाठ करायला सांगा. सुरुवात आणि शेवट या दोनच जागी डोळे वर हवेत. मध्ये वहीत बघितलं तरी चालतं, फक्त वही छातीच्या उंचीला धरायची, म्हणजे नजर वर उचलायला मान हलवावी लागत नाही. मोबाईल मात्र आम्ही पूर्ण बंद केले. झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवल्या.

आणखी एक साधी गोष्ट, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली: कपडे. मी छापील कुर्ते घालून उभी राहायचे. मोठ्या फुलांच्या कापडावर हात हरवतो, विशेषतः चाळिशीचा चष्मा लागलेल्या मागच्या रांगेला. आता गडद, एकरंगी कुर्ता घालते.

पहिली ओळ: सगळं त्या आधीच्या एका मात्रेत असतं

पहिलं अक्षर एकत्र पडत नाही, याचं कारण पहिल्या अक्षरात शोधलं तर कधीच सापडत नाही. ते त्याच्या आधीच्या मात्रेत, म्हणजे तालाच्या आधीच्या मोजणीत असतं. कंडक्ट करायला शिकवताना सर्वांत आधी हीच मात्रा शिकवतात: हात वर उचलणारी, ज्यात अजून आवाज नाही अशी तयारीची मात्रा. त्या एका हालचालीत गाणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात. लय किती, आवाज किती मोठा, आणि गाण्याचा स्वभाव काय. हात किती वेगानं उचलला यावरून लय, किती उंच उचलला यावरून आवाज, आणि झटक्यानं की तरंगत उचलला यावरून स्वभाव.

माझ्या व्हिडिओत काय दिसलं ते सांगते. मी दोन्ही हात वर केले. मग बोटं जराशी हलवली. मग पेटीवाल्या ताईंकडे पाहून मान हलवली, मग हात अजून थोडे वर नेले आणि एकदम खाली आणले. म्हणजे एकाच गाण्याच्या सुरुवातीला मी तीन वेगवेगळ्या सुरुवाती दाखवल्या. पुढच्या बायकांनी दुसरी धरली, मागच्या पुरुषांनी तिसरी. त्यांची काय चूक? शिवाय हात वर जातानाचा वेग एक आणि खाली येतानाचा त्याच्या दीडपट, कारण मी घाबरलेली होते.

दुरुस्ती अशी. हात उचलून तयार ठेवा आणि पूर्ण स्थिर राहा. एकेकाच्या डोळ्यांत बघा, अगदी कोपऱ्यातल्या माणसापर्यंत. घाई वाटते, पण हे दोन सेकंद गटाला फार आवडतात. ते शांत होतात. मग एकच हालचाल करायची, वर, आणि त्याच हालचालीबरोबर तुम्ही स्वतः तोंडानं, ऐकू येईल असा श्वास घ्यायचा. गट तुमच्या हातापेक्षाही तुमच्या श्वासाची नक्कल करतो. तुम्ही श्वास रोखून हात खाली आणलात तर पंचवीस जण श्वास रोखून गातात, आणि रोखलेल्या श्वासावर पहिलं अक्षर कधीही एकत्र पडत नाही.

"एक, दोन, तीन, चार" असं तोंडानं मोजून सुरुवात करायची सवय असेल तर तालमीत चार-सहा वेळा मोजा आणि मग सोडून द्या. मोजणीवर सुरू करणारा गट डोळे वर करायला शिकत नाही.

हात उचलण्याआधी मनात काय चालू हवं? मी आधी ध्रुवपदाची ओळ मनात म्हणायचे. ध्रुवपद बहुधा मोकळं, लांब स्वरांचं असतं, कुठल्याही लयीत बसतं, त्यामुळे लय दर वेळी वेगळी निघायची. आता मी गाण्यातली सर्वांत दाट ओळ मनात म्हणते, जिथे शब्द खच्चून भरले आहेत आणि जोडाक्षरं आहेत. ती ओळ ज्या लयीत स्पष्ट म्हणता येते तीच गाण्याची लय. आमच्या एका गाण्यात अशी ओळ तिसऱ्या कडव्यात आहे. हात वर करण्याआधी मी ती एकदा मनात म्हणते आणि मगच श्वास घेते.

श्वासाचं महत्त्व ज्याला पटत नसेल त्यानं सोसायटीतलं २६ जानेवारीचं झेंडावंदन आठवावं. राष्ट्रगीताला सगळे सावधान उभे असतात, हात करायचा प्रश्नच नाही. सुरुवात करणाऱ्याकडे फक्त पट्टी आणि श्वास एवढंच असतं. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांत म्हणायचं असतं. सुरुवात करणाऱ्यानं ढिला, लांब श्वास घेतला की ते हमखास रेंगाळतं. मी गेल्या वर्षी पुढे उभ्या असलेल्या दोघींना सांगितलं की माझ्याबरोबर श्वास घ्या, बाकी काही नाही. अख्ख्या आवारानं पहिलं अक्षर एकत्र उचललं.

समेवर न सुरू होणारी गाणी

आपल्याकडे इथे एक खास अडचण येते. पाश्चात्त्य पुस्तकांतली आणि व्हिडिओतली पहिली उदाहरणं बहुधा पहिल्या ठोक्यावर सुरू होणारी असतात. आपली कितीतरी गाणी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी उठतात. मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) 'खाली'वरून, म्हणजे टाळी न देता हात उलटा करून दाखवतात त्या मात्रेवरून, किंवा त्याच्याही पुढून निघतो आणि समेवर येऊन बसतो. मी सवयीनं दर गाण्याला "वर-खाली" अशीच सुरुवात द्यायचे. गाणारे माझा खाली येणारा हात बघून सम समजायचे आणि तबल्यावरचे काका आपली सम धरून बसलेले.

हे सोडवायला आधी हाताचे नकाशे पक्के लागतात. चारच्या आकड्याचा हात असा: पहिला ठोका खाली, दुसरा आत म्हणजे स्वतःच्या शरीराकडे, तिसरा बाहेर उजवीकडे, चौथा वर. केरवा या तालाच्या आठ मात्रा यात दोन-दोन करून बसतात. पहिल्या मात्रेला हात खाली, तिसरीला आत, पाचवीला बाहेर, सातवीला वर. पाचवी मात्रा म्हणजे केरव्याची 'खाली', आणि हात तिथे बाहेर फेकला जातो. आपण 'खाली' दाखवताना हात बाहेर उलटा करतोच की! हे लक्षात आलं त्या दिवसापासून माझा नकाशा कधी चुकला नाही.

आता गाणं पाचव्या मात्रेवरून उठत असेल तर तयारीची हालचाल वरची नाही, आतली द्यायची. हात आत येतो, श्वास, आणि बाहेर जाताना गाणं उठतं. सम येईल तेव्हा हात आपोआप खाली असेल आणि काकांचा "धा" तिथेच पडेल. आम्ही हे एका गाण्यावर वीस मिनिटं केलं. फक्त पहिले दोन शब्द, पुढचं गाणं नाहीच. मला वाटलं होतं लोक कंटाळतील. पण पहिल्यांदा जेव्हा सव्वीस आवाज आणि तबल्याची सम एकमेकांत अडकले, तेव्हा मागच्या रांगेतून नकळत "वाह" आलं.

अर्ध्या मात्रेवरून उठणारं गाणं असेल तर त्याआधीचा ठोका स्पष्ट आणि लहान द्या आणि तिथे हात क्षणभर टोकदार ठेवा. गाणारे त्या ठोक्यावरून उडी मारतात. फार समजावून सांगत बसू नका, करून दाखवलं की पुरतं.

सहा मात्रांचा दादरा मध्य लयीत असेल तर दोनच ठोके: पहिल्या मात्रेला खाली, चौथीला वर. तो फारच संथ असेल तर तीनचा हात दोनदा (खाली, बाहेर, वर), दुसऱ्यांदा जरा लहान. सात मात्रांच्या रूपकाला सात ठोके देत बसू नका, तीन द्या, पहिला लांब आणि पुढचे दोन आखूड, तीन-दोन-दोन. त्याची सम 'खाली'वरच असते, म्हणून पहिला ठोका खाली आणतानाही हलका ठेवायचा. झपताल समूहगानात मी अजून घेतलेला नाही.

ठोका हवेत कुठे पडतो?

आपला हात टाळीवर वाढलेला आहे. टाळी वाजते, तिचा क्षण कानाला कळतो. कंडक्ट करताना हात कशावरच आपटत नाही. मग ठोका नेमका कधी पडला हे गाणाऱ्यानं कसं ओळखायचं? ज्या बिंदूला हात खालून उसळतो, तो ठोका. हा बिंदू दर वेळी वेगळ्या उंचीवर पडला किंवा हात गोलगोल फिरत राहिला, तर प्रत्येक गाणारा आपापल्या अंदाजानं एक क्षण निवडतो, आणि गाणं पातळ होतं.

पूर्वी पाश्चात्त्य संगीतातही ताल ऐकू येईल असाच देत असत. फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार लुली जाड काठी जमिनीवर आपटून ताल देत होता. १६८७ मध्ये ती त्याच्या स्वतःच्या पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. आवाज न करता, फक्त दिसणाऱ्या छडीनं ताल देणं हे एकोणिसाव्या शतकात रूढ झालं. म्हणजे मूक ठोका ही तिथल्या लोकांनाही मुद्दाम शिकावी लागलेली गोष्ट आहे, आपल्याला जमायला वेळ लागला तर त्यात नवल नाही.

सराव अगदी घरगुती आहे. जेवणाच्या टेबलाशी बसा. चारचा हात करा आणि प्रत्येक ठोक्याला बोटांची टोकं टेबलावर हलकेच टेकवा. टक्, आणि लगेच उसळी. चारही ठोके त्याच पातळीवर पडले पाहिजेत, चौथाही, फक्त त्यानंतरची उसळी वर जाते. पाच मिनिटांनी हात टेबलाच्या चार बोटं वर घ्या आणि तिथे अदृश्य टेबल आहे असं समजून तेच करा. मनगट मऊ, पण लुळं नको. लुळ्या मनगटात बोटं एका वेळी खाली जातात आणि पंजा दुसऱ्या वेळी, म्हणजे एका ठोक्याचे दोन दिसतात. मग उभे राहा आणि ते टेबल छातीच्या थोडं खाली आणा.

मी ऐरोलीला नोकरीला जाते. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसायला मिळालं की पर्सवर एका बोटानं हाच सराव चालतो. ऐरोली लवकर येतं, पण रोजची ती दहा मिनिटं वर्षभरात खूप होतात.

पंचवीस-तीस गाणाऱ्यांसाठी छडीची गरज नाही. उघडा हात गायकांना जास्त सांगतो.

लय पळते

आता मुख्य दुखण्याकडे येते.

आधी मोजा. "पळतेय" असं सगळेच म्हणतात, पण कुठून पळते हे कोणाला माहीत नसतं. तालमीचं रेकॉर्डिंग करा आणि मेट्रोनोमच्या (मिनिटाला किती ठोके पडतात ते दाखवणाऱ्या) अ‍ॅपवर रेकॉर्डिंगच्या ठोक्याबरोबर बोटानं टॅप करा. पहिल्या ध्रुवपदाला, दुसऱ्या कडव्याला आणि शेवटी. आमचं एक गाणं मिनिटाला ८० ठोक्यांनी सुरू व्हायचं आणि ९६ वर संपायचं. ८० ला एक ठोका पाऊण सेकंदाचा असतो, ९६ ला सव्वासहा दशांश. प्रत्येक ठोक्यामागे सेकंदाचा आठवा हिस्सा कोणीतरी खात होतं. कोण आणि कुठे, हे शोधायला मी ओळीओळीनं टॅप करत गेले.

उत्तर अगदी ठरावीक जागी सापडलं: ओळींच्या शेवटी. ओळ संपते, शेवटचा स्वर चार मात्रा धरायचा असतो, आणि पुढची ओळ लगेच. श्वास कुठे घ्यायचा हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. काही जण स्वर तीन मात्रांवर सोडून श्वास घ्यायचे आणि श्वास झाला की लगेच पुढची ओळ सुरू करायचे, उरलेल्या मात्रेची वाट न बघता. काही जण स्वर पूर्ण धरायचे आणि मग श्वास चोरून, धावत पुढची ओळ गाठायचे. दोन्हीकडून लय पुढे ढकलली जात होती. दर ओळीला थोडी, दर कडव्याला आणखी थोडी.

त्यावर उपाय म्हणजे श्वासाला मात्रा द्यायची. शेवटचा स्वर तीन मात्रांचा, चौथी मात्रा श्वासाची, असं ठरवून सगळ्यांच्या कागदावर पेन्सिलनं बरोबरची खूण केली. आणि हातानं तो स्वर बंद करून दाखवायला लागले: हाताचा छोटा वळसा, मिटलेली बोटं, आणि तोच वळसा वर उघडतो तो पुढच्या ओळीचा श्वास. स्वर बंद करण्याची हालचाल हीच पुढच्या ओळीची तयारीची मात्रा. हे एकदा जमलं आणि लयीचं निम्मं दुखणं गेलं. सांगताना अतिशयोक्ती करत नाही, पुढच्या रविवारी तेच गाणं ८० वर सुरू होऊन ८७ वर संपलं.

उरलेलं निम्मं माझ्याच हातात होतं. गाणं रंगायला लागलं की माझा हात मोठा व्हायचा, खांद्यापासून हलायचा. गटाला तो उत्साह दिसायचा, आवाज वाढायचा, आणि आपल्याकडे आवाज वाढला की लय वाढतेच. गणपतीतली आरती आठवा: झांजा, टाळ्या, आणि शेवटाकडे चढत गेलेली लय. भजनातही लय मुद्दाम चढवतात, त्यातच रंग असतो. लोकलमधल्या भजनी मंडळींना ऐका, शेवट द्रुतच असतो. म्हणजे आपल्या माणसांच्या अंगात ही सवय प्रेमानं मुरलेली आहे, तिला दोष देऊन चालणार नाही. फक्त या गाण्यात ती नको आहे, आणि ते हातानंच सांगावं लागतं.

मोठ्या आवाजाच्या जागी हात लहान करा. ऐकायला उलटं वाटेल, पण पळणाऱ्या गटासमोर हात जितका मोठा तितका तो निरुपयोगी. लहान, टोकदार, त्याच अदृश्य टेबलावर पडणारा ठोका गटाला वर बघायला लावतो. तरी लय सुटली तर अर्ध्या ओळीपुरतं प्रत्येक ठोक्याचे दोन भाग करून दाखवा, मधल्या "आणि"लाही छोटी उसळी द्या. लय सावरली की लगेच ते सोडा. काही झालं तरी त्यांच्या मागे जाऊ नका. एकदा तुम्ही त्यांच्या लयीला जाऊन मिळालात की पुढच्या ओळीला ते आणखी पुढे असतात. याउलट हळू आवाजाच्या जागी गट रेंगाळतो, तेव्हाही हात लहान आणि हलकाच हवा, जड नको.

एक सराव आम्ही अजूनही दर रविवारी करतो. ध्रुवपदाची पहिली ओळ मोठ्यानं, दुसरी ओळ फक्त मनात, तिसरी पुन्हा मोठ्यानं. मी हात चालू ठेवते, तबला बंद. पहिल्या वेळी तिसरी ओळ माझ्या ठोक्याच्या बऱ्याच आधी आली, आणि ती वेगवेगळ्या पाच ठिकाणांहून आली. गटाला त्यांचं पळणं पहिल्यांदाच ऐकू आलं. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच पडली नाही. आता मनातल्या दोन ओळींनंतरही ते एकत्र येतात.

तबल्याचंही थोडं. समेच्या आधी काकांची लग्गी (तबल्यावरचा जलद, दाट बोलांचा तुकडा) आली की ती रंगते, आणि गट त्या धक्क्यावर पुढे सरकतो. आम्ही ठरवलं की समेच्या आधी ते एकदा माझ्याकडे बघतील. एवढंच. वादकाला वयानं आणि अनुभवानं मान द्यायचा असतो, त्यांना "तुम्ही पळता" म्हणणं बरं दिसत नाही आणि ते खरंही नव्हतं. दोघांची नजर भेटली की लग्गी रंगते आणि सम जागेवर पडते.

डावा हात, रंगमंच, आणि एक व्हिडिओ

डावा हात उजव्याची नक्कल करत असेल तर तो खिशात ठेवलेला बरा. त्याचं काम वेगळं: पुरुषांना प्रवेश दाखवणं, आवाज वर-खाली करणं, लांब स्वर धरून ठेवणं. सराव असा, की उजव्या हातानं चारचा हात चालू ठेवायचा आणि डावा आठ ठोक्यांत हळूहळू कमरेपासून खांद्यापर्यंत वर न्यायचा, आठ ठोक्यांत खाली. सुरुवातीला डावा हात ठोक्याठोक्याला धक्के खात वर जातो. तो लिफ्टसारखा सरकायला मला दीड महिना लागला.

क्लबहाऊसमध्ये जुळलेलं गाणं मोठ्या रंगमंचावर का सुटतं, हाही नेहमीचा प्रश्न. क्लबहाऊसला फरश्या आणि काचा, सगळे एकमेकांना घुमून ऐकू येतात. रंगमंचावर पडदे आवाज खातात आणि तबला एका टोकाला बसवलेला असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १० मीटरवरच्या तबल्याचा ठोका दुसऱ्या टोकाच्या माणसाला सेकंदाच्या सुमारे तीन शतांश उशिरा ऐकू येतो. त्याचा आवाज तसाच उशिरा परत जातो. दोन्ही टोकं एकमेकांना ऐकून गायला लागली की गाणं लोंबकळतं. हात मात्र दोघांना एकाच क्षणी दिसतो. म्हणून रंगमंचावर तबला शक्य तेवढा मध्ये, माझ्या पायाशी, आणि गटाला एकच सूचना: मोठ्या जागी कानापेक्षा डोळ्यावर विश्वास.

आणि व्हिडिओ. कंडक्टर झुबिन मेहता १९३६ साली आपल्या मुंबईतच जन्मले. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाचा नववर्षाचा कार्यक्रम त्यांनी पाच वेळा कंडक्ट केला, शेवटचा २०१५ मध्ये. त्या कार्यक्रमाच्या शेवटी राडेट्स्की मार्च ही लष्करी संचलनाच्या चालीची रचना वाजते आणि कंडक्टर प्रेक्षकांकडे वळून टाळ्या कधी, हळू कधी, बंद कधी हे नुसत्या हातानं सांगतो. तालीम न झालेलं अख्खं सभागृह त्याचं ऐकतं. आवाज बंद करून ते बघा. मी गटालाही दाखवलं, आणि नंतर त्यांना आमच्या गाण्यावर टाळ्या द्यायला लावून तेच करून पाहिलं. टाळ्यांनी सुरुवात करणं गाण्यापेक्षा सोपं असतं, नवीन गटाला पहिल्या दिवशी हेच द्या.

सध्या आमच्याकडे एक गोष्ट उरली आहे. मागच्या रांगेतले दोन आवाज तिसऱ्या कडव्याला अजूनही पाव मात्रा आधी येतात. दोघेही गाणं उत्तम जाणतात, त्यांना पुढचं आधीच ऐकू येत असतं. त्यांना काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारपासून दोघांना पहिल्या रांगेत, बरोबर माझ्या हातासमोर उभं करणार आहे.